तारीख नसलेली मनाई

बायपास होऊन घरी आलेल्या माणसाच्या फाइलीत शेवटी एक पान असतं. वजन उचलू नका. कुशीवर झोपू नका. गाडी चालवू नका. खाली बसू नका. जोर लावू नका. पान चुकीचं नसतं. ज्या दिवशी ते हातात पडतं त्या दिवशी त्यातली प्रत्येक मनाई खरी असते. मात्र ती कधी उठणार, हे त्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. परभणी जिल्ह्यात मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपीचं काम करते. हृदयाच्या पेशंटच्या बाबतीत माझं निम्मं काम म्हणजे त्या पानावर पेनानं तारखा टाकणं. गावात मला ‘शेकायच्या मॅडम’ म्हणतात, कारण फिजिओ म्हणजे कंबर शेकणारी बाई, एवढीच ओळख. काळजाच्या ऑपरेशनला शेकायच्या मॅडम कशाला, हा प्रश्न मला दारातच विचारला जातो.

इथले बहुतेक पेशंट ऑपरेशनला बाहेर जातात. संभाजीनगर, नांदेड, पुणे, हैदराबाद. ज्याचा जिथं पाहुणा तिथं. 2012 साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पुढे ती आमच्याही जिल्ह्यात आली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि रेशन कार्डावर बायपास व्हायला लागली. आधी ज्या घरात ‘जमीन विकावी लागंल’ म्हणून माणसाला गोळ्यांवर ठेवायचे, त्याच घरातला माणूस आता छातीवर टाक्यांची उभी रेघ घेऊन आठव्या-दहाव्या दिवशी परत येतो. ही लहान गोष्ट नाही. पण सर्जन राहतो दोनशे किलोमीटरवर आणि घरी उरतात बायको, सून, पोरं आणि ते पान.

ऑपरेशनला छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत कापून उघडतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी आवळून बंद करतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं पक्कं व्हायला तीन महिने. तोवर दोन्ही हातांनी ओढणं, रेटणं, डोक्याच्या वर उचलणं नको, एवढंच खरं तर त्या पानाचं म्हणणं असतं. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग ठेवतात, तसंच हे. लवकर काढलं तर स्लॅब खाली येईल. पण कधीच काढलं नाही तर त्या घरात राहायला कुणी जाऊ शकत नाही. बाकीच्या तक्रारी बहुधा साध्या असतात. पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली असते, म्हणून त्या पायाला सूज येते. छातीच्या आतली डावी धमनी वापरली असेल तर डावीकडची छाती कित्येक महिने बधिर राहते. हे कुणी सांगितलेलं नसलं की बधिरपणा म्हणजे नवा अटॅक, असं समजून रात्री अडीचला रिक्षा काढतात. अशी घरं मला माहीत आहेत.

जिंतूरच्या डोंगराकडच्या एका गावात मला बोलावलं ते दिवाळीच्या सुमारास. ऑपरेशन उन्हाळ्यात झालेलं, म्हणजे हाड सांधून कधीच मोकळं झालं होतं. अण्णा ओसरीत बाजेवर, उशी छातीशी धरून बसले होते. ही उशी दवाखान्यातच शिकवतात. खोकला आला की घट्ट धरायची म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. पहिल्या काही आठवड्यांची ती सोय. अण्णांची उशी आता तेलकट, कळकट झाली होती आणि खोकला तर त्यांना नव्हताच. पाण्याचा तांब्या सून तोंडाशी धरायची.

“अण्णा, जरा उठून दाखवा,” मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि दोन्ही पोरं धावत येऊन त्यांना बगलेत धरून उभं करायला लागली. सुरुवातीच्या आठवड्यांत नेमकं हेच करायचं नसतं, कारण सगळा ताण छातीच्या हाडावर येतो. या पोरांनी ते तेव्हापासून रोज, काळजीपोटी केलं होतं. मी फाइल मागितली. “पंपिंग 55 हाय,” थोरल्यानं आधीच सांगून टाकलं. हृदयाच्या पेशंटच्या घरात हा आकडा लेकरांनाही पाठ असतो. 55 म्हणजे हृदय छान चालतंय. मग मी धोतर जरा सारून गुडघ्याच्या वर हात ठेवला, तर हाताला स्नायू लागेना. काळीज दुरुस्त होऊन आलं होतं आणि मांड्या घरी बसून गेल्या होत्या.

शेजारी म्हणत, अण्णांनी हाय खाल्ली. खाल्लीच होती, पण ती वाढणारेही असतात. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिता पिता कुणाचं तरी उदाहरण देऊन जातो: अमक्याचं असंच ऑपरेशन झालं होतं, चांगला हिंडत-फिरत होता, बैलाला पाणी पाजायला गेला अन् तिथंच... मी घरच्यांना सांगते, पंधरा दिवस पाहुणे बंद करा, गुण येईल. कुणी ऐकत नाही. आणि मनातून मलाही ठाऊक असतं की आमच्याकडे माणूस आजारी पडला अन् कुणी भेटायलाच आलं नाही, तर त्याचा त्याला जास्त धक्का बसेल.

शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरसुद्धा हेच करायचे. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे सपाट पाडून ठेवायचे, कूस बदलू द्यायचे नाहीत, घासही भरवायचे. पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जायच्या आणि हृदयातून वाचलेला माणूस त्यानं जायचा. 1950 च्या आसपास बोस्टनमध्ये सॅम्युएल लिव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी पेशंटना पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा दवाखान्यातल्याच लोकांना तो अघोरीपणा वाटला. 1952 साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले आणि हळूहळू जगानं ते मानले. आज बायपासच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला खुर्चीत बसवतात, चार-पाच दिवसांत वॉर्डात चालवतात, घरी सोडण्याआधी जिनाही चढवून पाहतात. अण्णाही चढले होते. “पण तिथं डॉक्टर व्हते की,” ते म्हणाले. आमच्या ओसऱ्यांवर अजून 1950 च्या आधीचंच साल चालू आहे.

बायपासची पद्धत बसवली ती रेने फावालोरो यांनी, 1967 साली, अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात. त्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस अर्जेंटिनातल्या एका आडगावात साधा डॉक्टर होता. मी हे पेशंटना मुद्दाम सांगते. अण्णांना ते आवडलं. “म्हंजी त्याला ठावं असंल, मानूस घरी गेल्यावर काय करतंय ते.”

शक्ती यायला बाजेइतकी वाईट जागा नाही. बुटकी, मधे खोलगट; हातांनी रेटल्याशिवाय तिच्यातून उठताच येत नाही. आम्ही एक खुर्ची आणली आणि घोंगडीची घडी टाकून ती उंच केली. हात छातीवर, पाय मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्यायचं आणि उठायचं. पहिल्या दिवशी अण्णा अर्ध्यात अडकले आणि घाबरून उशी मागायला लागले. मग दर आठवड्याला घडी कमी करत गेलो. घोंगडी संपली, मग ओट्याची पायरी, मग पाट, मग जमीन. जमिनीवरून उठता येणं हीच आमच्याकडची खरी परीक्षा. पंगत, भजन, शौचाची जागा, सगळं तिथंच अडतं.

वजनाचं माप किलोत सांगून उपयोग नसतो. तांब्या, मग कडब्याची पेंढी, मग अर्धी बादली, मग भरलेली. पेंढी गोठ्यापर्यंत न्यायची ती छातीशी धरून, हात लांब करून नाही. ‘व्यायाम करा’ म्हटलं की अण्णा ‘हाव, हाव’ म्हणायचे आणि विसरायचे. ‘गाईला वैरण कोण टाकतंय?’ असं विचारलं की उठायचे. संक्रांतीनंतर कधीतरी थोरल्याचा फोन आला, आवाजात तक्रार: “मॅडम, अण्णा आज कुनाला न सांगता बांधावर गेलते.” परत आले का, मी विचारलं. “आले की. वांगी घेऊन आले.” वांग्यांची काय भाजी केली, एवढंच मी विचारलं.

फवारणीच्या पंपाला मात्र मी अजून हो म्हटलेलं नाही. 16 लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो, त्याचे पट्टे खांद्यावरून नेमके छातीवर ओढतात, वरून ऑगस्टचं दमट ऊन आणि औषधाचा वास. अण्णा म्हणतात, बॅटरीचा घेतो. बॅटरीनं दांडा हापसायचा वाचतो, पाठीवरचं पाणी हलकं होत नाही. या मुद्द्यावर आमचं जमलेलं नाही.

दम किती लागू द्यायचा, हे सांगणं सगळ्यांत अवघड. आम्हाला कॉलेजात गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची पट्टी शिकवतात, 6 ते 20 आकड्यांची. आत्ताचे कष्ट कितीचे, हे पेशंटनं स्वतः सांगायचं आणि सुरुवातीला 11 ते 13 च्या आत राहायचं. गंगाखेडकडच्या एका माळकरी काकांना मी ती मराठीत लिहून दिली, तर ते दर वेळी ‘पंधरा आणे’ म्हणायचे. नाडी मोजून भागत नाही, कारण यातल्या बहुतेकांना नाडी आवरून धरणारी गोळी चालू असते. माणूस धापा टाकतो आणि नाडी आपली संथ. काकांचा हरिपाठ रोजचा. मग ठरलं, चालताना हरिपाठ म्हणायचा. नुसता म्हणता येतोय पण चालीवर गाता येत नाही, तर वेग बरोबर. आरामात गाता येतोय, तर पाय उचला. ओळ मधेच तुटायला लागली, तर थांबा. छातीत दाटलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर खाली बसा आणि फोन करा. दुसऱ्या देशांतही हे असंच, बोलायला लावून पाहतात. आमच्याकडे बोलण्यासाठी मजकूर तयार होता इतकंच.

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी दर वर्षी परभणी, गंगाखेड मार्गे जाते. काकांना तिच्यासोबत परभणीपासून चालायचं होतं, नेहमीसारखं. मुलगा म्हणाला, अजिबात नाही. ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं, सर्जनचा कागद स्वच्छ होता, गावाबाहेरच्या रस्त्यावर रोज चालणं होतं. मी म्हटलं, पूर्ण वाट नको, सकाळचा टप्पा चाला, ऊन चढलं की मुलाच्या मोटारसायकलवर बसा. गेले. नंतर सांगत होते, टाळकऱ्यांनी अभंगाची चाल इतकी वर लावली की यांना गाता येईना, नुसतं म्हणता येत होतं. “म्हंजी वेग बरोबरच व्हता, मॅडम.”

इथवर सगळे पुरुषच आले, त्यालाही कारण आहे. बायपासच्या पेशंटमध्ये बायका माझ्याकडे थोड्या येतात, आणि आल्या तरी त्यांची अडचण नेमकी उलटी असते. पुरुषांना बाजेवरून उठवावं लागतं. बायका तिसऱ्या आठवड्यात चुलीपुढं सापडतात.

मानवतच्या बाजूच्या एका मावशी अशाच सापडल्या. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते तळहाताच्या टाचेनं रगडावं लागतं. काठवट जमिनीवर, बाई पुढं वाकलेली, कोपर ताठ, आणि खांद्यापासूनचं सगळं वजन त्या टाचेवर. पीठ पुढं रेटायचं, बोटांनी मागं ओढायचं, पुन्हा रेटायचं. प्रत्येक रेट्याला छातीचं हाड दोन्ही बाजूंनी ताणलं जातं. मावशी सहज बोलून गेल्या, “मळताना आत कायतरी कटकन वाजतंय.” मी हात धुऊन यायला सांगितलं, छातीच्या मधोमध बोटं ठेवली आणि खोकायला लावलं. बोटांखाली हाड किंचित सरकलं. त्याच दिवशी त्यांना सर्जनकडे पाठवलं. तारा तुटल्या नव्हत्या, नशीब. छातीला पट्टा लागला आणि मोजदाद पुन्हा पहिल्यापासून.

घरात कुणी त्यांना कामाला जुंपलं नव्हतं. सून होती, तिला भाकरी येत होती. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “बसून खायाची सवं न्हाई. अन् ह्यांना माझ्याच हातची लागती.” ‘हे’ शेजारीच बसले होते. त्यांनी कौतुकानं मान हलवली. मला राग आला, पण रागावून भाकरी थांबत नाहीत. मी फाइलीतलं ते पान काढलं आणि त्यावर लिहिलं: पीठ मळणे, मालक, तीन महिने. खाली तारीख, सही आणि माझा शिक्का. मालकांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. पण दवाखान्याचा हुकूम म्हटल्यावर गावात मान खाली घालायचं कारण उरलं नाही. ते मळायचे, मावशी ओट्याशी उभ्या राहून हलक्या हातानं थापायच्या. सुरुवातीला भाकरी फाटल्या, तव्यावर टरारून फुगायला बरेच दिवस लागले. पाण्याच्या बाबतीतही असंच लेखी ठरवलं: नळाला पाणी येईल त्या दिवशी हंडा नाही, कळशी, तीही अर्धी, कडेवर, डोक्यावर काही नाही, हापशाला हात नाही. मुदत संपली तेव्हा मी मनाई उठवायला गेले. मालक बाहेर गेले होते. मावशींनी पान माझ्यापुढं सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, “भाकरीची तारीख आनखी दोन म्हैने पुढं घाला की.” घातली.

आणखी एक विषय आहे, तो घरात निघतच नाही. मी दाराबाहेर चपला घालत असते तेव्हा नवरा मागून येतो, इकडं-तिकडं बघतो आणि विचारतो. बायको विचारत नाही, पण ती दाराआड उभी असते. नियम तसा सोपा: सहा-आठ आठवडे गेलेत आणि दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येतात, तर हरकत नाही, छातीवर भार येईल असं मात्र काही नको. आता खेड्यात दोन जिने आणायचे कुठून? मी देवळाच्या पायऱ्या सांगते. एका गावात एक गृहस्थ काही दिवस फारच भक्तिभावानं देवळात जायला लागले, तेव्हा त्यांच्या आईला मोठा आनंद झाला.

परभणी शहरातल्यांना चालायला कृषी विद्यापीठ आहे. 1972 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे रस्ते सपाट, झाडीचे आणि शहराच्या मानानं शांत. सकाळी ओळखीची माणसं भेटतात, म्हणजे काही झालं तर कुणी तरी बघेल, हा धीरही असतो. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तेव्हा सातच्या आत घरी. लघवीची गोळी, बीपीची गोळी आणि वर घाम, या तिन्हींत माणूस उभ्या उभ्या कोसळतो. पाणी किती प्यायचं, हे ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारायचं. कुणाला ते मोजून असतं. डिसेंबरात उलट. इथली पहाट फार बोचरी असते, तेव्हा ऊन पडल्यावर निघायचं, कान झाकून. ओट्स आणि ब्रोकोलीचे छापील तक्ते मात्र मी पाहिले की बाजूला ठेवते. मीठ, लोणचं, पापड, तळण कमी करा, भाकरी-भाजी आणि वरण खा, हे सांगायला तक्ता लागत नाही.

मोंढ्यातल्या एका दुकानदारांची अडचण शटरची होती. दुकानात पोऱ्या होता, पण शटर मालकानं उघडायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. शटर उघडणं म्हणजे वाकून धरायचं, हिसका द्यायचा आणि डोक्याच्या वर न्यायचं. पानावरच्या सगळ्या मनाया एका झटक्यात मोडतात. पहिले तीन महिने पोऱ्यानं उघडायचं, मालकांनी फक्त कुलूप काढायचं. त्या काळात शटरवाल्याला बोलावून स्प्रिंग बदलून घेतली, पट्ट्यांना ग्रीस लावलं. मग पोऱ्यानं छातीपर्यंत आणलेलं शटर मालकांनी पुढं न्यायचं. मग कमरेपासून. शेवटी खालून, पण वाकून नव्हे, गुडघ्यात बसून आणि श्वास न रोखता. श्वास रोखायची खोड काही केल्या जाईना, तेव्हा त्यांना उचलताना मोठ्यानं ‘विठ्ठल’ म्हणायला लावलं. आजूबाजूचे दुकानदार हसायचे, पण शटर वर जायचं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. माझ्या मनात लगेच नको ते आलं. “छातीचं काही नाही हो, मॅडम,” ते म्हणाले, “गुडघा धरलाय. तुम्हीच सांगितलं ना, गुडघ्यात बसून उचला म्हणून.” पोऱ्या काय करतो, मी विचारलं. तो काम सोडून गेला होता, सहा महिने झाले. मी सोमवारी येते म्हटलं. सोमवारी आवक जास्त असते, मंगळवारी दुपारून या, आणि मागच्या वेळेपेक्षा फी जरा बघून लावा, असं त्यांनी सांगितलं.